जुळी आहेत, पण वार किती?

गेल्या महिन्यात दवाखाना बंद करण्याच्या वेळेला एक सासू-सून आल्या. सुनेला तिसरा महिना सरत आलेला. तालुक्याच्या गावी सोनोग्राफी झाली होती आणि जुळी असल्याचे कळले होते. सासूबाईंनी बसल्याबसल्या विचारले, "डॉक्टरसाहेब, दोघांना पुरेल असं हिला काय काय खायला घालू?" सुनेचा प्रश्न वेगळाच होता. तिने मोबाइलवर काहीबाही वाचले होते आणि दोन रात्री तिला झोप नव्हती. "एक बाळ दुसऱ्याचं रक्त ओढून घेतं म्हणे. खरं का डॉक्टर?"

मी आधी रिपोर्ट पाहिला. दोन गर्भ, दोघांच्या हृदयाचे ठोके, दिवसांचा हिशेब, सारे त्यात होते. वार एक आहे की दोन, एवढेच लिहिलेले नव्हते. आणि सुनेच्या प्रश्नाचे उत्तर नेमके त्यावर अवलंबून होते.

जुळी दोन प्रकारची असतात. दोन स्त्रीबीजे एकाच वेळी फलित झाली, तर होतात ती वेगवेगळी जुळी. ती एरवीच्या भावंडांइतकीच एकमेकांसारखी असतात, आणि आईच्या माहेरच्या घराण्यात अशी जुळी असल्याचे बरेचदा आढळते. एकच फलित बीज दुभंगून दोन गर्भ झाले, तर एकसारखी जुळी होतात. हजार बाळंतपणांत साधारण चार, हे त्यांचे प्रमाण जगभर जवळपास सारखेच आहे. त्यात घराण्याचा संबंध नाही आणि जोडकेळे खाण्याचा तर मुळीच नाही. एकसारखी म्हणजे दोन्ही मुलगे, नाहीतर दोन्ही मुली. त्यापुढचा प्रश्न कुणी सोनोग्राफीवाल्यांना विचारू नये. गर्भलिंग सांगणे आणि विचारणे, १९९४ च्या कायद्याने दोन्ही गुन्हा आहे.

बीज कधी दुभंगले, यावर पुढचे सारे ठरते. पहिल्या तीन दिवसांत दुभंगले तर प्रत्येक बाळाला स्वतंत्र वार आणि स्वतंत्र पाणमोट मिळते. एकसारख्या जुळ्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांत असे घडते. म्हणून दोन वारा दिसल्या की 'एकसारखी नाहीत' असे कुणी म्हणाले, तर ते खरे असेलच असे नाही. चौथ्या ते आठव्या दिवशी दुभंगले तर वार एकच राहते, पाणमोटी मात्र दोन. बहुतेक एकसारखी जुळी या गटातली. त्याहून उशीर झाला तर वारही एक आणि पाणमोटही एक. हा प्रकार अगदी विरळा. त्यात दोन नाळा एकमेकींत गुंतण्याची भीती असते, त्यामुळे अशी बाई पहिल्यापासून मोठ्या रुग्णालयाच्याच देखरेखीखाली असावी.

वार एक असली म्हणजे काय होते? एकाच पाटाचे पाणी दोन वाफ्यांना सोडले आहे, असे समजा. वारेच्या पृष्ठभागावर दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेक वेळा देवाणघेवाण समसमान होते आणि काही बिघडत नाही. परंतु शंभरातल्या दहा ते पंधरा जणींमध्ये प्रवाह एकाच बाजूला जास्त वाहू लागतो. देणाऱ्या बाळाचे रक्त कमी पडते, त्याची लघवी कमी होते आणि त्याच्याभोवतीचे पाणी आटते. घेणाऱ्या बाळाकडे रक्त जास्त होते, त्याच्या हृदयावर ताण येतो आणि त्याच्या पाणमोटीत पाणी बेसुमार साठते. सुनेने वाचलेले ते हेच. खोटे नव्हते, पण शंभरातल्या पंच्याऐंशी-नव्वद जणींना हे होत नाही, आणि दोन वारा असतील तर याची भीती जवळजवळ नसतेच. हे दुखणे सहसा सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यात उद्भवते. म्हणून एक वार असलेल्या स्त्रीने सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करायची असते. दोन वारा असतील तर साधारणपणे चार आठवड्यांनी केलेली पुरते.

वारांची संख्या सर्वांत स्पष्ट कळते ती अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात. दोन पाणमोटींमधला पडदा वारेला जिथे मिळतो तिथे जाड, पाचरीसारखा दिसला तर वारा दोन. पातळ आणि सरळ येऊन टेकला तर वार एक. पुढे दिवस भरत गेले की हा फरक पुसट होत जातो. तेव्हा जुळी आहेत असे कळताच 'वार किती, पाणमोटी किती, रिपोर्टमध्ये लिहून द्या' असे रुग्णाने किंवा नातेवाइकांनी स्पष्टपणे म्हणावे. डॉक्टर रागावतील, अशी भीती बाळगू नये.

मी हे इतक्या आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यातली एक बाई पोटाला तडस लागते म्हणून माझ्याकडे आली. जुळी होती. पोट आठवड्यात फारच वाढले, असे ती म्हणाली. जुळी म्हटल्यावर पोट वाढणारच, असे घरचे म्हणाले आणि मीही तेच म्हणालो. पित्ताचे औषध देऊन तिला घरी पाठवले. चार दिवसांनी आली तेव्हा तिला उताणे निजता येत नव्हते, दम लागत होता. सोनोग्राफीत एका बाळाभोवती पाणीच पाणी आणि दुसरे कोरड्या पडद्यात गुंडाळल्यासारखे. वार एकच होती; आधीच्या कुठल्याच कागदावर ते नव्हते आणि मीही विचारले नव्हते. तिला तातडीने मोठ्या शहरात पाठवले. एक मूल वाचले, आता ते शाळेत जाते. त्या चार दिवसांची रुखरुख मला अजून आहे.

या दुखण्यावर आज इलाज आहे. गर्भाशयात बारीक दुर्बीण घालून वारेवरच्या जोडवाहिन्या लेसरने बंद करतात. अमेरिकेत डॉ. ज्युलियन डी लिया यांनी १९८८ मध्ये हा उपाय प्रथम केला. २००४ मध्ये युरोपातील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुईने वारंवार पाणी काढलेल्या गटात निदान एक बाळ वाचण्याचे प्रमाण शेकडा ५६ होते. लेसर केलेल्या गटात ते ७६ होते. आपल्याकडेही मोठ्या शहरांतील काही केंद्रांत ही सोय आहे. मात्र रुग्ण वेळेवर पोहोचला पाहिजे. पोट तीन-चार दिवसांत अचानक वाढले, ताठ झाले, धाप लागू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता सोनोग्राफी करून घ्यावी.

आता सासूबाईंचा प्रश्न. दोन बाळे म्हणून आईला दोन माणसांचे जेवण वाढायचे नसते. पहिल्या तीन महिन्यांत तर जादा काही जातच नाही. जुळ्यांमध्ये ओकाऱ्या अधिक होतात, तेव्हा थोडे थोडे, दोन-दोन तासांनी, कोरडे आणि जे रुचेल ते खावे. चौथ्या महिन्यापासून नेहमीच्या जेवणावर रोज साधारण सहाशे कॅलरी जादा लागतात. म्हणजे किती? बाजरीची एक जादा भाकरी, मटकीच्या उसळीची एक वाटी, एक पेला दूध आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. एवढ्यात कॅलरीही भागतात आणि वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनेही मिळतात. अंडी, मासे चालत असतील तर उत्तमच. डब्यातली महागडी प्रोटीन पावडर हवीच असे नाही. तेवढ्या पैशात महिनाभर दूध आणि अंडी येतात. पोट वरपर्यंत भरलेले असल्याने दोन वेळच्या ताटात हे मावत नाही. दिवसातून सहा वेळा खावे, आणि रात्रीच्या जेवणानंतर लगेच आडवे होऊ नये.

गूळ-खजुराने रक्त भरपूर वाढते, हा आपला लाडका समज आहे. त्यात लोह असते, पण जुळ्यांच्या आईला लागते त्या मानाने फारच थोडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील गरोदर स्त्रियांपैकी शेकडा ५२ जणींना रक्तक्षय असल्याचे दिसले. तिथे दोन बाळांची मागणी आली, की शिल्लक लवकरच संपते. म्हणून लोहाच्या गोळ्यांना पर्याय नाही. आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असते. चौथ्या महिन्यापासून ती रोज घ्यावी. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर डोस डॉक्टर वाढवतील. गोळीसोबत लिंबू किंवा आवळा चालतो, चहा चालत नाही. चहा आणि गोळी यांत दोन तास तरी जाऊ द्यावेत. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये, एक सकाळी आणि एक जेवणानंतर अशी वेळ वाटून घ्यावी. शौचास काळे होते, खडा होतो, म्हणून गोळ्या गुपचूप कोनाड्यात टाकणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. काळे होणे निरुपद्रवी आहे. खडा होत असेल तर पाणी आणि पालेभाजी वाढवावी, गोळी बदलून मागावी. बंद करू नये.

याच्या उलट एक समजही आहे. बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाते, म्हणून शेवटच्या महिन्यांत हात आखडता घ्यायचा. जुळी बाळे मुळातच लहान असतात, तिथे हा सल्ला घातक आहे. २००९ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने बेताच्या वजनाच्या स्त्रीसाठी जुळ्यांच्या गरोदरपणात एकूण १७ ते २५ किलो वाढ योग्य मानली. माझ्याकडे येणाऱ्या बायकांत इतकी वाढ मी क्वचितच पाहिली. आकड्यामागे न लागता, वजन दर भेटीला चढते आहे ना, एवढे पाहावे. मात्र आठवड्यात दोन-तीन किलो वाढले आणि चेहरा, हात सुजले, तर ते अंगी लागलेले अन्न नव्हे. जुळ्यांमध्ये रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त असतो. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, बरगडीखाली दुखणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दाखवावे. काही जणींना बाराव्या आठवड्यापासून कमी ताकदीची ॲस्पिरिन देतात. ती प्रसूतितज्ज्ञाने सांगितली तरच घ्यावी.

एक गोष्ट आयांना मुद्दाम सांगावीशी वाटते. एका वारेचा वाटा दोन बाळांना सारखा मिळाला नाही, तर एक बाळ लहान राहते. 'माझ्या खाण्यात कमी पडलं,' असे म्हणून ती रडते, आणि कधीकधी घरचेही तसे बोलून दाखवतात. हे साफ चुकीचे आहे. चांगल्या आहाराने आईचे रक्त आणि ताकद टिकते, दोन्ही बाळांना त्याचा फायदा होतो. वारेची वाटणी मात्र कुठल्याही आहाराने बदलत नाही. ती सोनोग्राफीतच पाहावी लागते.

अंथरुणाला खिळून राहिल्याने जुळी पूर्ण दिवसांची होतात, असेही नाही. नुसते पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. हंडे आणि शेतातली ओणव्याची कामे सोडावीत. घरातले हलके काम, चालणे असू द्यावे.

निम्म्याहून अधिक जुळी सदतिसाव्या आठवड्याच्या आत जन्मतात, आणि एक वार असेल तर सारे ठीक असूनही डॉक्टर छत्तीस-सदतीस आठवड्यांना बाळंतपण करतात. तेव्हा सातव्या महिन्यात माहेरी पाठवण्याआधी माहेरपासून काचेच्या पेटीची सोय असलेले रुग्णालय किती लांब आहे, हे विचारून घ्यावे. लवकर कळा सुरू झाल्या, पाणी गेले, तर १०८ ला फोन करून तिथेच जावे. वेळेत पोहोचल्यास बाळांच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शन देता येते.

ती सून दुसऱ्याच दिवशी पुन्हा सोनोग्राफीला गेली. वार एक, पाणमोटी दोन. तिच्या नवऱ्याने सोळाव्या आठवड्यापासूनच्या तारखा माझ्यासमोर कागदावर उतरवून घेतल्या, घरी कॅलेंडरवर लिहितो म्हणाला. तिला झोप लागू लागली आहे. सासूबाईंनी निघताना विचारले, सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठेवले तर चालेल ना? चालेल म्हटले, फक्त सोनोग्राफीचा दिवस सोडून ठेवा.