आधी काय शोधायचं?

क्रमाचा प्रश्न

शिक्षण संपलं की घरात तीनच विषय निघतात: नोकरी, घर आणि लग्न. ख्रिस्ती घरंही याला अपवाद नाहीत. जेवणाआधी प्रार्थना होते आणि मग पगाराचे आकडे सुरू होतात. त्यात गैर काही नाही. येशू सुतारकाम करत होता, पौल तंबू शिवून पोट भरत होता. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू अन्नवस्त्राची गरज नाकारत नाही. देवाचं राज्य आणि त्याचं नीतिमत्त्व आधी, बाकीचं मागाहून, इतकंच तो सांगतो. पण हे राज्य रविवारची उपासना आणि नाताळच्या नाटकापुरतं ठेवलं की उरलेला आठवडा आपल्या मर्जीचा. तरुण मंडळी अडतात ती इथेच.

शलमोनाची मागणी

नुकताच राजा झालेल्या शलमोनाला गिबोनात स्वप्न पडलं: हवं ते माग. त्यानं आयुष्य मागितलं नाही, संपत्ती नाही, शत्रूंचा नाशही नाही; लोकांचा न्याय करायला समंजस मन मागितलं. ही गोष्ट संडे स्कूलमध्ये सगळ्यांनी ऐकलेली असते. त्याच्या म्हातारपणाबद्दल मात्र सहसा कुणी बोलत नाही. उतारवयात त्याचं मन परक्या दैवतांकडे वळलं. विशीत केलेली एक चांगली मागणी जन्मभर पुरत नाही.

सज्जन, पण दुःखी

येशूकडे आलेला श्रीमंत तरुण लहानपणापासून आज्ञा पाळत होता. येशूला त्याच्याबद्दल प्रेम वाटलं, असं मार्क मुद्दाम नोंदवतो. असलेलं विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये, हे ऐकल्यावर तो खिन्न होऊन निघून गेला. आपल्याकडे निर्व्यसनी, न चुकता चर्चला येणारा मुलगा म्हणजे आदर्श. तो तरुण या कसोटीला सहज उतरला असता.

रमाबाईंचा शोध

पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या 25 वर्षांच्या होत्या. आईवडील दुष्काळात गेले होते, लग्नानंतर दोनेक वर्षांतच पतीही वारले होते. बाप्तिस्मा झाला म्हणून त्यांनी मान तुकवली नाही. ज्या धर्मभगिनींकडे राहत होत्या, त्यांच्याशी सिद्धांतांवरून पत्रापत्रीतून वाद घातला. स्वतःला पटल्याशिवाय काही मानायचं नाही, हा बाणा सोडला नाही. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. म्हणजे सेवाही सुरू झाली होती. तरीही बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त नाही. हे त्यांनी आत्मकथनात स्वतःच लिहून ठेवलं आहे.

ख्रिस्ती घरात जन्मलेल्या तरुणांना मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. धर्म आजीकडून मिळतो; शोध मात्र ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो, आणि त्यात प्रश्न विचारणं हे अश्रद्धेचं लक्षण नव्हे. रमाबाईंचा शोध अंतर्मुख होऊन बसला नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायकांना आणून केडगावात आसरा दिला. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी अखेरपर्यंत खपल्या.

रोजच्या हिशेबात

आपला क्रम कोणता, हे कळायला मोबाइलमधलं बँकेचं स्टेटमेंट उघडावं. पगार जमा होताच हप्ते आणि हॉटेलची बिलं वळती होतात, दशांश आणि गरजूची मदत महिनाअखेरीच्या शिलकीवर सोडलेली असते. शिलक उरत नाही, हे सांगायला नकोच.

लग्नाच्या बैठकीतही तेच. मुलगा आपल्या मंडळीतला आहे का, पॅकेज किती, फ्लॅट कुणाच्या नावावर, हे विचारून होतं. तो घरकाम करणाऱ्या बाईशी कसा बोलतो, चूक झाली तर माफी मागतो का, खोटं बिल लावायला सांगणाऱ्या साहेबाला नाही म्हणेल का, हे कुणी विचारत नाही. मुलीनं ते बैठकीतच, सगळ्यांदेखत विचारावं. मोठ्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या तर पडू द्याव्यात.