खोबरेल तेल (केशसंस्कारक घटक)

खोबरेल तेल हे नारळाच्या पक्व खोबऱ्यापासून काढले जाणारे तेल आहे. खाद्यतेल म्हणून त्याचा वापर होतोच. शिवाय केस व त्वचा यांच्या निगेसाठी बनवल्या जाणाऱ्या उत्पादनांत ते कंडिशनर, म्हणजे केस मऊ व सुटसुटीत ठेवणारा आणि त्वचेला स्निग्धता देणारा घटक म्हणून वापरले जाते. सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर ते 'कोकोस न्यूसिफेरा ऑइल' या नावाने नोंदवलेले असते. बहुतेक संस्कारक घटक केसाच्या पृष्ठभागावर पातळ थर निर्माण करतात. खोबरेल तेल मात्र केसाच्या आतही शिरते आणि केसांतील प्रथिनांची झीज कमी करते, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

निर्मिती व घटना

पारंपरिक पद्धतीत पिकलेले नारळ फोडून खोबरे वाळवले जाते आणि सुके खोबरे घाण्यात किंवा यांत्रिक गिरणीत गाळले जाते. तेल निघाल्यावर उरणारी पेंड गुरांना खाद्य म्हणून घालतात. ओल्या खोबऱ्याच्या रसापासून, फारशी उष्णता न देता काढलेल्या तेलास 'व्हर्जिन' खोबरेल तेल म्हणतात.

खोबरेल तेलातील सुमारे ९० टक्के मेदाम्ले संतृप्त असतात, म्हणून ते लवकर खवट होत नाही. त्यात लॉरिक आम्लाचे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे जवळजवळ निम्मे असते. त्याखालोखाल मिरिस्टिक आम्ल आढळते. तेलाचा द्रवणांक सुमारे २४ अंश सेल्सिअस असल्याने हिवाळ्यात ते थिजते. असे थिजणे हा तेलाचा स्वाभाविक गुणधर्म असून तो भेसळीचे लक्षण नाही.

केसावरील क्रिया

केस हा मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या बाहेरील बाजूस कौलांप्रमाणे एकावर एक बसलेल्या खवल्यांचे थर असतात व आत तंतुमय गाभा असतो. पाणी शोषल्यावर केस फुगतो आणि खवल्यांच्या कडा उचलल्या जातात. अशा ओल्या केसांतून फणी फिरवल्यास खवले तुटतात व प्रथिने वाहून जातात. वारंवार भिजणे व वाळणे यांमुळे ही हानी वाढत जाते. विरंजन, रंग व अति उष्णता यांनी आधीच दुबळ्या झालेल्या केसांत ती अधिक दिसते.

लॉरिक आम्लाची साखळी सरळ व आखूड असते आणि केसांतील प्रथिनांशी तिचे चांगले जुळते. त्यामुळे हे तेल खवल्यांच्या आत शिरू शकते. आत गेलेले तेल पाण्याचे शोषण कमी करते, साहजिकच केसाचे फुगणेही कमी होते. म्हणून न्हाण्यापूर्वी काही तास तेल लावून ठेवण्याच्या प्रथेला रासायनिक आधार आहे. न्हाल्यानंतर लावलेले थोडे तेल केसांवर वंगणाचे काम करते व फणीचे घर्षण घटवते.

संशोधन

या विषयावरील महत्त्वाचे संशोधन मुंबईत झाले. मॅरिको कंपनीतील संशोधक आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल तेल, सूर्यफुलाचे तेल व खनिज तेल यांची तुलना केली. त्यांचा शोधनिबंध २००३ मध्ये 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिन्ही तेलांपैकी केवळ खोबरेल तेलाने निरोगी व हानिग्रस्त अशा दोन्ही प्रकारच्या केसांतील प्रथिनांची हानी लक्षणीयरीत्या कमी केल्याचे त्यांना आढळले. सूर्यफुलाच्या तेलातील लिनोलिक आम्लाची साखळी दुहेरी बंधांमुळे वाकलेली असते. खनिज तेल हे हायड्रोकार्बन असल्याने त्याला प्रथिनांविषयी आकर्षण नसते. या कारणांमुळे ती दोन्ही तेले केसात शिरत नाहीत, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. त्यापूर्वी २००१ मध्ये याच नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, वस्तुमान वर्णपटाच्या तंत्राने खोबरेल तेल केसाच्या आत पोहोचल्याचे दाखवण्यात आले होते.

या निष्कर्षांचा अर्थ लावताना दोन गोष्टी ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिली, मॅरिको ही स्वतः खोबरेल तेलाची विक्री करणारी कंपनी आहे. दुसरी, हे प्रयोग केसांच्या कापलेल्या बटांवर झाले. त्यांतून केसांची झीज कमी होते एवढेच सिद्ध होते. केस नव्याने उगवतात किंवा गळणे थांबते असे सिद्ध होत नाही.

त्वचेसाठी उपयोग

त्वचेवर खोबरेल तेल स्निग्धकारक म्हणून काम करते व ओलावा टिकवून धरते. कोरड्या त्वचेवर व्हर्जिन खोबरेल तेल आणि खनिज तेल यांचा परिणाम सारखाच असल्याचे फिलिपिन्समधील २००४ च्या अभ्यासात दिसून आले. म्हणजेच केसांच्या बाबतीत खनिज तेलाहून सरस ठरलेले हे तेल त्वचेच्या बाबतीत त्याच्या बरोबरीचे ठरले.

नारळाच्या तेलापासून बनवलेली रसायनेही प्रसाधनांत असतात. शाम्पूमधील सोडियम लॉरिल सल्फेट व कोकामिडोप्रोपिल बीटेन हे फेस आणणारे पदार्थ नारळाच्या किंवा पामगराच्या तेलापासून तयार करता येतात. मात्र त्यांचे कार्य मळ व तेल काढून टाकण्याचे असते. त्यामुळे 'नारळापासून बनवलेले' या उल्लेखावरून एखादे उत्पादन केसांना स्निग्धता देईलच, असे म्हणता येत नाही.

महाराष्ट्रातील वापर

कोकण किनारपट्टीवर नारळ हे बागायती पीक आहे. पालघर जिल्ह्यातील वसई परिसरात केळी, भाजीपाला व फुले यांच्यासोबत वाड्यांमध्ये नारळाची झाडे आढळतात. किनाऱ्यापासून दूर असलेल्या भागांतही डोक्याला लावण्याचे तेल म्हणून खोबरेलच रूढ आहे. जास्वंदीची फुले, माका, ब्राह्मी किंवा आवळा घालून ते घरोघरी उकळले जाते. न्हाताना तेल काढण्यासाठी शिकेकाई व रिठा वापरण्याची रीत आहे. तान्ह्या बाळाच्या टाळूवर तेल घालण्याची प्रथाही सर्वत्र आढळते. तथापि टाळू भरून येण्याशी तेलाचा संबंध नसून साधारणपणे दीड वर्षापर्यंत ती आपोआप भरते.

मर्यादा

खोबरेल तेलाने त्वचेची रंध्रे बुजू शकतात, म्हणून मुरुमांची प्रवृत्ती असणाऱ्यांनी ते चेहऱ्यावर लावणे टाळावे. कोंडा वाढवणारी मॅलेसेझिया ही बुरशी टाळूवरील मेदांवर जगते. म्हणून कोंडा असताना डोक्याला तेल चोपडून ठेवल्यास तो वाढू शकतो. केस अकस्मात किंवा चकत्यांच्या स्वरूपात गळत असल्यास तेलावर विसंबून न राहता त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घेणे आवश्यक असते.

कायदेशीर वर्गीकरण

लहान बाटल्यांतून विकले जाणारे शुद्ध खोबरेल तेल खाद्यतेल मानावे की केशतेल, हा वाद भारतात दीर्घकाळ चालला, कारण दोहोंवरील कराचे दर वेगळे होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठात मतभेद झाले. अखेर १८ डिसेंबर २०२४ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने निर्णय दिला. केवळ बाटली लहान आहे म्हणून ते केशतेल ठरत नाही. वेष्टन व त्यावरील मजकूर केसांसाठीचा वापर दर्शवत असेल तरच ते त्या वर्गात मोडते, असे न्यायालयाने म्हटले. त्या वेळी वस्तू व सेवा कर खाद्यतेलावर ५ टक्के व केशतेलावर १८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेलावरील दरही ५ टक्के करण्यात आल्याने करातील हा फरक संपला.