राजासॉरस: हाडांवरून लागलेला कुळाचा पत्ता

वर्धा जिल्ह्यातल्या गिरडच्या टेकडीवर गोलसर दगड विखुरलेले दिसतात. शेख फरीदबाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा नारळांसह सगळा माल दगड झाला, अशी त्यामागची आख्यायिका. प्रत्यक्षात ते बेसाल्टमध्ये तयार झालेले झिओलाइटचे गोटे आहेत. मात्र जिवांचा खरोखर दगड झाल्याचा पुरावाही विदर्भात आहे. तो या बेसाल्टखालच्या लमेटा थरांत मिळतो.

शेजारचा पुरावा

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आणि डोंगरगाव ही गावे आहेत. पिसदुऱ्यात डायनासोरच्या शेणाचे जीवाश्म सापडतात. त्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष असल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. डोंगरगावला इसिसॉरस या लांब मानेच्या शाकाहारी प्राण्याचा सांगाडा मिळाला. त्याच्यासारख्यांची शिकार करणारेही होतेच. नागपूरजवळच्या टाकळीतला एक दात जीवाश्म-अभ्यासक लिडेकर यांनी 1890 मध्ये शाकाहारी गटात टाकला होता. तो मांसाहारी डायनासोरचा असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

पण एका दातावरून प्राणी उभा राहत नाही. त्यासाठी गुजरातेत बालासिनोरजवळच्या रहिओलीला जावे लागते. तिथे 1982 ते 1984 या काळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने कवटीचा भाग, मणके, कमरेची आणि मागच्या पायांची हाडे काढली. त्यांचा अभ्यास होऊन 2003 मध्ये या मांसाहारी डायनासोरचे ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हे नाव जाहीर झाले.

हाडे काय सांगतात?

डोके: कपाळावर बुटके, गोलसर शिंग. नाकाची आणि कपाळाची हाडे मिळून ते बनले आहे.

कंबर: मांडीच्या सांध्यामागे कमरेच्या हाडावर एक आडवा उंचवटा आहे. राजासॉरस वेगळा ओळखायला ही खूण उपयोगी पडते.

पाय: मागच्या पायांची हाडे आखूड आणि दणकट. लांबीचे अंदाज साडेसहा ते नऊ मीटरपर्यंत जातात.

हात: राजासॉरसच्या कुळाचे हात फारच तोकडे. याच कुळातल्या, अर्जेंटिनातल्या कार्नोटॉरसच्या कोपरापुढची हाडे दंडाच्या हाडाच्या जेमतेम पाव लांबीची आहेत.

टी-रेक्सचा भाऊ नव्हे

मोठे डोके, इवले हात आणि दोन पायांवरची चाल पाहून कोणालाही टायरॅनोसॉरस आठवेल. शास्त्रज्ञही असेच चकले होते. जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवरच्या हाडांवरून 1933 मध्ये इंडोसुकस आणि इंडोसॉरस ही नावे दिली गेली. पुढे काही अभ्यासकांनी इंडोसुकसला टी-रेक्सच्या कुळात बसवले. 1985 मध्ये अर्जेंटिनातल्या अबेलिसॉरसचे वर्णन आले, तेव्हा कुठे भारतीय हाडांचे खरे गोत्र कळले: अबेलिसॉर. राजासॉरसही याच गोत्रातला.

मांसाहारी डायनासोरांच्या वंशवृक्षात अबेलिसॉर आणि टी-रेक्स यांच्या फांद्या फार पूर्वीच वेगळ्या झाल्या. पक्षी टी-रेक्सच्या बाजूच्या फांदीवर आहेत. म्हणजे नात्याने पाहिले, तर अंगणातली चिमणी राजासॉरसपेक्षा टी-रेक्सला जवळची! तोकडे हात दोन्ही कुळांत स्वतंत्रपणे आले: टी-रेक्सला बोटे दोन, कार्नोटॉरसला चार.

समुद्रापलीकडचे भाऊबंद

राजासॉरसचे जवळचे नातलग मादागास्करचा माजुंगासॉरस आणि अर्जेंटिनाचा कार्नोटॉरस. दक्षिणेकडचे भूखंड पूर्वी गोंडवन या एकाच महाखंडात होते. आपल्या गोंडांच्या भूमीवरूनच त्याला हे नाव पडले. सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी भारत मादागास्करपासून सुटला आणि ही भावंडे दुरावली. राजासॉरसची हाडे त्या जुन्या शेजाराची साक्ष देतात.

सापडले तर?

विहीर खणताना किंवा ओढ्याच्या काठी जड, दगडी हाड दिसले, तर त्याची तुटलेली बाजू निरखून पाहा. हाडात स्पंजासारखी बारीक छिद्रांची जाळी दिसू शकते. गिरडच्या गोट्यात ती नसते. शंका आली तर दगड फोडू नका, घरी नेऊ नका, विकू नका. जागेचा फोटो काढा आणि नागपूरच्या सेमिनरी हिल्स भागातल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. जागेवरून हललेले हाड आपली निम्मी माहिती गमावून बसते.