आवाज येतो, पण शब्द कळत नाही

(द्वितीय वर्ष, कला)

‘ध्वनी म्हणजे काय?’ हा प्रश्न आपण सर्वांनीच शाळेत केव्हा ना केव्हा सोडवलेला आहे. ‘पदार्थाच्या कंपनामुळे ध्वनी निर्माण होतो’ एवढे लिहिले की गुण मिळत. दहावीनंतर कला शाखेकडे वळताना ते वाक्य मी विज्ञानाच्या वहीबरोबर रद्दीत टाकले. ते पुन्हा शोधावे लागले, ते घरातल्या एका प्रसंगामुळे.

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, इचलकरंजीत २७ वर्षे यंत्रमागावर होते. एके दिवशी आई म्हणाली, “साखर संपली.” अण्णा म्हणाले, “भाकर संपली तर भात वाढ.” आम्ही पोट धरून हसलो. पुढे असे प्रसंग वाढत गेले आणि हसण्याची जागा चिडण्याने घेतली. ‘लक्षच नसतं’, ‘मुद्दाम ऐकत नाहीत’ असे घरात बोलले जाऊ लागले. मीही बोलले. अण्णा मात्र एकच सांगत, “आवाज येतोय गं, पण बोल कळंना.” आवाज येतो आणि शब्द कळत नाही, हे कसे शक्य आहे? शेवटी कानांची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी एक आलेख हातात दिला. त्या आलेखाचा अर्थ लावताना जे समजले, ते येथे मांडते. भौतिकशास्त्र शिकलेल्यांना यात नवे काही आढळणार नाही. पण ज्यांनी माझ्यासारखी वही रद्दीत टाकली, त्यांच्यासाठी हा खटाटोप.

एस.टी.च्या खिडकीपुढे दाटीने रांग लागली आहे अशी कल्पना करा. मागच्या माणसाने धक्का दिला की तो धक्का एकाकडून दुसऱ्याकडे जात खिडकीपर्यंत पोचतो. माणसे मात्र थोडी पुढे झुकून पुन्हा आपल्या जागी येतात. हवेतून आवाज असाच जातो. तबल्याच्या पुडीवर थाप पडली की ती थरथरते. ती पुढे येते तेव्हा शेजारच्या हवेचे कण दाटतात, मागे जाते तेव्हा ते विरळ होतात. ही दाटी आणि विरळाई पुढे सरकत जाते, हीच ध्वनीलहर. हवा जागच्या जागी हलते, प्रवास करतो तो धक्का. साधारण २० अंश सेल्सियस तापमानात त्याचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो. वीज चमकल्यावर तीन सेकंदांनी गडगडाट ऐकू आला, तर ती सुमारे एक किलोमीटरवर चमकली असे समजावे.

धक्का द्यायला रांगच नसेल तर? रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असा प्रयोग दिला आहे. काचेच्या भांड्यात त्याने घड्याळ टांगले आणि भांड्यातली हवा काढून घेतली. हवा कमी होत गेली तशी टिकटिक क्षीण होत ऐकू येईनाशी झाली. घड्याळ तर चालूच होते.

आवाजाच्या दोन गोष्टी आपल्या विषयाला महत्त्वाच्या आहेत. एका सेकंदात किती कंपने होतात यावर आवाज खर्जातला की टिपेचा हे ठरते. ही कंपनसंख्या हर्ट्झमध्ये मोजतात. निरोगी तरुण कानाला सुमारे २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. दुसरी गोष्ट म्हणजे आवाजाचा जोर. तो डेसिबलमध्ये मोजतात, आणि या मापात एक मेख आहे. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा १० पट होते. साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते, तर यंत्रमागांच्या शेडमधला आवाज १०० च्या आसपास जातो. आकड्यांत फरक दिसतो ४० चा, प्रत्यक्षात ऊर्जा असते १०,००० पट.

आता कानाकडे वळू. आपण ज्याला कान म्हणतो आणि ज्याला मास्तर पिळतात, तो केवळ दरवाजा. आतल्या नळीच्या टोकाशी पातळ पडदा असतो. लहर आदळली की तो थरथरतो. अगदी मंद आवाजात त्याची हालचाल अणूच्या व्यासापेक्षाही कमी असते, आणि तरी आपल्याला ऐकू येते! पडद्यामागे तीन चिमुकली हाडे आहेत. त्यांच्या आकारावरून त्यांना हातोडा, ऐरण आणि रिकीब म्हणतात. ही हाडे कशासाठी? विहिरीत बुडी मारल्यावर काठावरच्या माणसाची हाक ऐकू येत नाही, कारण हवेतला बहुतेक आवाज पाण्यावरून परत फिरतो. कानाच्या आतल्या भागातही द्रवच आहे. मोठ्या पडद्यावरचा धक्का ही हाडे एका लहानशा खिडकीवर एकवटतात, त्यामुळे त्याचा दाब सुमारे २० पटींनी वाढतो आणि तो द्रवात शिरू शकतो.

त्या खिडकीपलीकडे शंखासारखा, सुमारे अडीच वेढ्यांचा एक अवयव आहे. कर्णावर्त हे त्याचे शास्त्रीय नाव. त्यात एक लांबट पापुद्रा असून त्यावर सुमारे १५,००० केशपेशी ओळीने बसलेल्या असतात. जॉर्ज फॉन बेकेशी यांनी दाखवून दिले की आवाजाची लाट या पापुद्र्यावरून धावते आणि प्रत्येक कंपनसंख्येसाठी एका ठरावीक जागी सर्वांत उंच होते. टिपेचे आवाज प्रवेशद्वारापाशी, खर्जाचे पार आतल्या टोकाशी. जणू हार्मोनियमच्या पट्ट्याच गुंडाळून ठेवल्या आहेत. या संशोधनासाठी त्यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या जागेवरच्या केशपेशी वाकल्या की विजेचा संकेत मज्जातंतूमार्फत मेंदूकडे जातो. ऐकण्याची क्रिया पूर्ण होते ती तेथे.

आता अण्णांच्या आलेखाचा उलगडा होतो. आलेखाची रेषा खर्जाकडून निघून १,००० हर्ट्झपर्यंत जवळजवळ सरळ जाते. पुढे ती उतरू लागते, ४,००० पाशी खड्ड्यात पडते आणि त्यानंतर थोडी वर येते. गोंगाटात वर्षे काढलेल्यांच्या कानाची ही ओळखीची खूण आहे, असे डॉक्टर म्हणाले. कानाची नळी ३,००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज आपोआप वाढवते. त्यामुळे त्याच्या थोड्या वरच्या पट्टीच्या केशपेशींना सर्वांत अधिक मार बसतो, हे त्याचे एक कारण. धोट्याला मिनिटाला शंभरावर तडाखे, अशी आठ आणि बारा तासांची पाळी. पेशी थकतात. रात्रीच्या विश्रांतीने काही सावरतात, काही मरतात. माणसाच्या कानात मेलेल्या केशपेशी पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या कानात उगवतात, असे १९८७-८८ च्या सुमारास शास्त्रज्ञांना आढळले. आपल्या नशिबी ते नाही.

आणि येथेच भाषेचा विद्यार्थी जागा होतो. आपल्या वर्णमालेने अक्षरांचे स्वर आणि व्यंजने असे दोन गट केले आहेत. स्वरांचा जोर मुख्यतः १,००० हर्ट्झच्या खाली असतो आणि ते दमदार असतात. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘ट’, ‘क’ ही व्यंजने मुळात अशक्त, आणि त्यांची ओळख वरच्या पट्टीत. ‘स’चा फुसकारा तर बराचसा ४,००० च्या वर. म्हणजे अण्णांना ‘साखर’मधला आकार ऐकू येत होता, ‘स’ गळून पडत होता. उरलेल्या सांगाड्यावर मेंदू आपल्या अंदाजाने व्यंजन बसवी, आणि भुकेच्या वेळी ते ‘भाकर’ होई. आवाज येत होता, बोल कळत नव्हता. अण्णांनी रोगाचे निदान डॉक्टरांच्या आधी आणि अधिक थोडक्यात केले होते.

यावरून आणखी एक समजले. आम्ही ओरडून बोलत होतो, तेच चुकत होते. ओरडण्याने स्वर मोठे होतात, व्यंजने फारशी नाही. अण्णा दचकत आणि म्हणत, “वरडू नको.” आता आम्ही समोर बसून, तोंडावर उजेड येईल असे, सावकाश बोलतो. अण्णा ओठ पाहतात. शेडमध्ये सगळे कामगार ओठांच्या हालचालींवर आणि हातवाऱ्यांवरच बोलत असत, त्यामुळे त्यांना ही लिपी चांगली वाचता येते.

कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांकरिता ९० डेसिबलची मर्यादा आहे. नियम आपल्या जागी, आणि शेड आपल्या जागी. माझे काका अजून मागावर जातात. त्यांच्यासाठी मी फोमचे कानबोळे आणले. साध्या कापसाच्या बोळ्याचा फारसा उपयोग होत नाही. फोमचा बोळा नीट बसवला तर आवाज सुमारे २० डेसिबलने उतरतो. काका म्हणाले, “माग बिघडला तर त्याच्या आवाजावरनंच कळतं. कान बंद करून कसं चालंल?” त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. मी सांगितले की बोळ्याने गोंगाट आणि मागाचा ठोका दोन्ही उतरतात. ठोका नाहीसा होत नाही, आठवडाभरात त्याची नव्याने ओळख होते. त्यांनी बोळे सदऱ्याच्या खिशात ठेवले. अजून ते खिशातच आहेत.

आपल्या स्नेहसंमेलनात ध्वनिक्षेपकाला चिकटून नाचणाऱ्या आणि वाचनालयात कानात गाणी कोंबून बसणाऱ्या मित्रमैत्रिणींना एवढेच सांगावेसे वाटते. कार्यक्रमानंतर कानात ‘कुंई’ असा नाद राहिला, तर ती गाण्याची आठवण नव्हे, केशपेशींची तक्रार आहे. आणि घरातले वडीलधारे माणूस “काय म्हणालीस?” असे पुन्हा विचारू लागले, तर चिडण्यापूर्वी एकदा त्याच्या कानांची तपासणी करून घ्या. आम्ही ती चार वर्षे उशिरा केली.