थोमाची शंका आणि गिंडीच्या दोन टेकड्या

चेन्नईतल्या गिंडीहून तांबरमच्या दिशेने लोकल पकडली की पुढचंच स्थानक सेंट थॉमस माउंट. तमिळ लोक त्या टेकडीला परंगिमलै म्हणतात. उलट दिशेला, मेट्रोने शहराकडे निघालं की गिंडीनंतर लिटल माउंट, म्हणजे चिन्नमलै. दोन्ही टेकड्या एकाच माणसाच्या आठवणीशी बांधलेल्या आहेत. तो माणूस म्हणजे येशूच्या बारा शिष्यांपैकी थोमा. मुंबईच्या फोर्टमधलं 1718 सालचं सेंट थॉमस कॅथेड्रल, ज्याच्यामुळे चर्चगेट हे नाव पडलं, तेही त्याच्याच नावाचं. ख्रिस्ती जग थोमाला सर्वांत जास्त ओळखतं ते त्याच्या शंकेमुळे. देवाची कृपा माणसाच्या दुबळेपणात काम कसं करते, हे समजून घ्यायचं तर त्याच्याइतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात ही हकीकत येते. मरणातून उठलेला येशू शिष्यांना भेटला, तेव्हा थोमा तिथे नव्हता. इतरांनी सांगितलं, तरी तो मानेना. खिळ्यांच्या खुणा पाहून त्यांत बोट घातल्याशिवाय, कुशीतल्या जखमेत हात घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही, असं त्याने तोंडावर सांगितलं. त्याला हट्टी ठरवण्याआधी मागचे अध्याय वाचावेत. येशूच्या जिवावर बेतलं असताना, चला, आपणही त्याच्याबरोबर मरू, असं 11व्या अध्यायात म्हणणारा थोमाच आहे. तू कुठे जातोस हेच कळत नाही, मग वाट कशी कळणार, असं 14व्या अध्यायात उघड विचारणाराही तोच. त्याची शंका कोरड्या मनाची नाही. ज्याने जीव लावला होता आणि ज्याचं सर्वस्व क्रुसावर गेलं होतं, असा माणूस खोट्या आशेला घाबरतो.

यानंतरचे आठ दिवस फार महत्त्वाचे आहेत आणि प्रवचनांत त्यांच्याकडे फारसं लक्ष जात नाही. थोमाने शंका बोलून दाखवली, पण तो मंडळी सोडून गेला नाही. मंडळींनीही त्याला बाहेर काढलं नाही. आठ दिवसांनी दारं बंद असताना येशू आला, तेव्हा थोमा त्यांच्यात बसलेला होता. येशूने त्याला त्याच्याच अटी शब्दागणिक परत ऐकवल्या: बोट इकडे कर, हात पुढे कर. थोमा बोलला तेव्हा येशू तिथे दिसत नव्हता, तरी त्याचं बोलणं ऐकलं गेलं होतं. आधी जखमा पुढे झाल्या, समज नंतर मिळाली. थोमाने खरोखर बोट घातलं, असं शुभवर्तमानात कुठेही लिहिलेलं नाही. मागितलेलं समोर आलं आणि मागण्याची गरजच उरली नाही. त्याने येशूला आपला प्रभू आणि आपला देव म्हटलं. साऱ्या शुभवर्तमानात इतक्या थेट शब्दांत ही कबुली दुसऱ्या कुठल्या शिष्याने दिलेली नाही.

इथे क्रम नीट पाहायला हवा. आधी शंका फेडायची, मन घट्ट करायचं आणि मग देवापुढे जायचं, असं आपण समजतो. ख्रिस्ती शिकवण उलट सांगते: पहिलं पाऊल देवाचं असतं आणि विश्वास हे त्या पावलाला दिलेलं उत्तर असतं. म्हणून मार्काच्या शुभवर्तमानातला आजारी मुलाचा बाप आपला विश्वास आणि अविश्वास एकाच दमात येशूपुढे ठेवतो, आणि त्याचा मुलगा बरा होतो. पौलाच्या देहातला काटा तर तीनदा प्रार्थना करूनही निघत नाही. त्याला फक्त कृपा पुरेल एवढं आश्वासन मिळतं. दुबळेपणा प्रत्येक वेळी जातोच असं नाही. तो असतानाच माणूस उभा राहतो.

थोमाचंही तसंच झालं. 'थोमाची कृत्ये' हा तिसऱ्या शतकातला सिरियाक ग्रंथ सांगतो, की चिठ्ठ्या टाकल्यावर त्याच्या वाट्याला भारत आला, तेव्हा त्याने प्रकृतीचं कारण सांगून आणि आपण परके म्हणून जायला नकार दिला. शेवटी येशूने त्याला सुतार म्हणून एका व्यापाऱ्याला विकलं आणि तो आला. परंपरेनुसार इ.स. 52 मध्ये तो केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि 72 मध्ये परंगिमलैवर भाल्याने मारला गेला. हे इतिहासाच्या कसोटीवर सिद्ध झालेलं नाही, पण इथल्या ख्रिस्ती लोकांनी ते शतकानुशतकं जपलं आहे. परंगिमलैवर पोर्तुगिजांनी 1523 मध्ये चर्च बांधलं; तिथल्या वेदीवर पहलवी लेख असलेला प्राचीन दगडी क्रूस आहे. वर जाणाऱ्या पायऱ्या 18व्या शतकात पेत्रुस उस्कान या आर्मेनियन व्यापाऱ्याने बांधून दिल्या. मला मात्र चिन्नमलैची गुहा जास्त बोलकी वाटते. पाठलाग होत असताना थोमा तिथे लपला, असं सांगतात. एका प्रेषिताची भीती लोकांनी झाकली नाही, तिथेच प्रार्थनामंदिर उभारलं.

मराठीत असा प्रामाणिकपणा लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त भेटतो. पती नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या कोसळल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा काही वर्षांनी, 1900 मध्ये झाला. मधल्या काळातला राग, सोवळं, विरह त्यांनी लपवला नाही. कुणी घाई केली असती, तर त्यांचा विश्वास इतका स्वतःचा झाला असता असं मला वाटत नाही.

3 जुलैला थोमाचा सण असतो. ज्यांच्या घरात किंवा चर्चमध्ये कुणी शंका बोलून दाखवत असेल, त्यांनी त्या दिवशी एवढं करावं: त्या व्यक्तीला वादात हरवायला जाऊ नये, तिच्यासाठी प्रार्थना करावी आणि रविवारी आपल्या शेजारची जागा तिच्यासाठी राखून ठेवावी.