केटलबेल व्यायाम

केटलबेल हे ओतीव लोखंडाचे, गोलाकार, सपाट बुडाचे आणि वर जाड कडी असलेले व्यायामाचे वजन आहे. त्याचे रशियन नाव ‘गिर्या’ असे आहे. हे वजन एका किंवा दोन्ही हातांनी झुलवून, उचलून अथवा डोक्यावर तोलून धरून व्यायाम केला जातो.

इतिहास

रशियातील बाजारांत धान्य तोलण्यासाठी अशी कडीची वजने वापरत. त्यांचे माप ‘पूद’ या जुन्या एककात असे. एक पूद म्हणजे सुमारे १६.३८ किलोग्रॅम. १६, २४ आणि ३२ किलोग्रॅम ही आजची प्रमाण वजने म्हणजे अनुक्रमे एक, दीड व दोन पूद होत. शक्तिप्रदर्शनातून पुढे या वजनांचा क्रीडाप्रकार झाला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी पावेल त्सात्सुलिन या प्रशिक्षकामुळे अमेरिकेत आणि तेथून इतरत्र हा व्यायाम पसरला. महाराष्ट्रातील तालमींत फिरवले जाणारे मुदगल व करेला यांचे तत्त्व याच्याशी जुळते, कारण त्यांतही भार मुठीपासून दूर असतो. परंपरा मात्र स्वतंत्र आहेत.

रचना आणि धोका

डंबेलमध्ये भाराचा मध्य मुठीतच असतो. केटलबेलमध्ये तो कडीच्या खाली, हातापासून वेगळा राहतो. त्यामुळे वजन झुलू लागले की झोक्याच्या तळाशी हातावर, आणि हातामार्फत पाठीवर, मूळ वजनापेक्षा अधिक ओढ येते. हातात स्थिर धरताना हलके वाटणारे वजन झुलवताना जड का होते, याचे उत्तर येथे आहे.

आरंभ

साधारण निरोगी स्त्रियांनी ८ ते १२ आणि पुरुषांनी १२ ते १६ किलोग्रॅमपासून सुरुवात करावी, असा सर्वसाधारण प्रघात आहे. शरीराला सवय नसल्यास यापेक्षा हलके वजन घेण्यात कमीपणा नाही.

पहिला धडा वजनाविना असतो. भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभे राहावे, गुडघे किंचित सैल सोडावे आणि कणा सरळ ठेवून नितंब मागे नेत भिंतीला टेकवावे. काठी पाठीवर उभी धरल्यास ती डोके, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे. यालाच खुब्यातून वाकणे म्हणतात. मणक्यातून वाकणे किंवा बैठक मारणे या दोन्ही क्रिया याहून वेगळ्या आहेत. बैठकांची सवय असलेली व्यक्ती झोकाही बैठकीसारखाच मारू पाहते. ती सवय येथे प्रयत्नपूर्वक बाजूला ठेवावी लागते.

हे जमल्यावर जमिनीवरचे वजन त्याच पद्धतीने उचलून पुन्हा खाली ठेवण्याचा सराव करावा. हा सराव कंटाळवाणा असला, तरी पाठ सांभाळण्याचे खरे काम तोच करतो. त्यानंतरच दोन्ही हातांचा झोका घ्यावा. झोक्यात हात दोरीसारखे असतात; वजन वर जाते ते नितंबांच्या झटक्याने, खांद्यांच्या जोराने नव्हे. परतताना वजन गुडघ्यांच्या वरूनच मांड्यांमधून मागे जावे. ते गुडघ्यांखाली लोंबकळले की कणा वाकतो आणि कंबर दुखावते. दंड बरगड्यांना टेकेपर्यंत वाकण्याची घाई करू नये. वर येताना श्वास जोराने सोडावा. तो कोंडून ठेवू नये. पाच ते दहा झोके झाले की थांबावे. ढब बिघडताच संख्या पूर्ण करण्याचा हट्ट सोडावा.

हात, पाय आणि जागा

पाय अनवाणी असावेत किंवा पातळ, सपाट तळाचे बूट घालावेत. धावण्याच्या मऊ बुटांत तोल डळमळतो. समोर माणूस, मूल किंवा काच नसावी, कारण घामट हातातून वजन निसटले तर ते पुढेच उडते. निसटणारे वजन सावरण्याचा प्रयत्न न करता ते पडू द्यावे व स्वतः मागे सरावे. वजन खांद्याशी घेताना मनगट सरळ ठेवावे. कडी तळहातावर तिरकी बसली म्हणजे मनगट मागे मोडत नाही. तळहातावर वाढलेले घट्टे घासून सपाट न केल्यास ते फाटतात.

वैद्यकीय सल्ला

उच्च रक्तदाब, हृदयविकार, अंतर्गळ, मणक्याचा जुना त्रास किंवा गर्भावस्था असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा व्यायाम सुरू करू नये. दुसऱ्या दिवशी मांड्यांच्या मागच्या बाजूला व नितंबांना जाणवणारा ठणका स्वाभाविक असतो. तो कंबरेत जाणवला तर झोक्याची पद्धत चुकत आहे असे समजून पुन्हा भिंतीच्या सरावाकडे वळावे. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम त्याच क्षणी थांबवून तपासणी करून घ्यावी.