घर सोडताना झाडू कोणाचा, रंग कोणाचा

मे-जून लागला की भोपाळच्या गल्ल्यांमध्ये ‘छोटा हाथी’ टेम्पो उभे दिसू लागतात. एमपी नगरात कोचिंग करणारी मुलं परीक्षा आटोपून गावी निघतात, सरकारी नोकरांच्या बदल्या होतात, कोलार रोडचं बिऱ्हाड अशोका गार्डनला जातं. सामान चढवून झालं की रिकाम्या घरात मालक आणि भाडेकरू समोरासमोर येतात, आणि विषय निघतो डिपॉझिटचा.

माझ्या भाचीचा फोन असाच एका संध्याकाळी आला. ‘मावशी, बारा हजारांतले सात हजार कापतो म्हणतायत. पुताईचे चार, सफाईचे दोन आणि खिळ्यांच्या भोकांचे एक.’ दोन वर्षं ती त्या दोन खोल्यांत राहिली होती. मी दुसऱ्या दिवशी घर बघायला गेले. त्या सात हजारांच्या हिशेबात मालकाचे आणि तिचे, दोघांचेही गैरसमज होते. दर उन्हाळ्यात या शहरात हेच गैरसमज कानावर येतात.

‘पुताईचे पैसे तर कापले जाणारच’

हा सगळ्यांत पक्का बसलेला समज. बाहेरच्या खोलीचं डिस्टेंपर फिकट झालं होतं, हात फिरवला की पांढरी भुकटी लागत होती. मालकाच्या मते हे भाडेकरूनं केलेलं नुकसान. कायद्याच्या मते नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम १०८ भाडेकरूवर एक स्पष्ट जबाबदारी टाकतं: घर ज्या स्थितीत ताब्यात मिळालं त्या स्थितीत राखायचं आणि परत करायचं. पण त्याच वाक्यात सूट आहे. रोजच्या वापरानं होणारी वाजवी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती या जबाबदारीतून वगळल्या आहेत. उन्हानं उडालेला रंग, वावरून गुळगुळीत झालेली फरशी, दाराच्या कडीपाशी उठलेलं पॉलिश, ही झीज. पोरानं भिंतीवर काढलेली मेणखडूची रेलगाडी, हातोडा लागून फुटलेली फरशी, इस्त्रीनं जळलेला ओटा, हे नुकसान. पहिल्याचा खर्च मालकाचा, दुसऱ्याचा भाडेकरूचा.

केंद्रीय मंत्रिमंडळानं २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात तर कामांची वाटणी यादी करूनच दिली आहे. भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, गरजेनुसार नळाचे पाइप आणि मुख्य वायरिंग बदलणं मालकाकडे. नळाचे वॉशर, तुंबलेली मोरी, स्विच आणि सॉकेट, गीझरची दुरुस्ती, दारांच्या मुठी आणि कुलपं, डासांच्या जाळ्या, खिडकीची काच भाडेकरूकडे. हा राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो आपोआप लागू होत नाही. तरी दोन माणसांना वाद मिटवायचा असेल तर यापेक्षा चांगली मोजपट्टी मला माहीत नाही. मध्य प्रदेशाचा स्वतःचा स्थान नियंत्रण अधिनियम १९६१ चा आहे, आणि घर राहण्याजोगं, दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी तोही मालकावरच टाकतो.

इथे एक मोठी अट आहे. कलम १०८ ची सुरुवातच अशी आहे की करारात किंवा स्थानिक रिवाजात वेगळं काही नसेल तरच हे नियम. म्हणजे ‘घर सोडताना रंगाचा खर्च भाडेकरू देईल’ असं कलम करारात असेल आणि त्याखाली तुमची सही असेल, तर झिजेचा युक्तिवाद लंगडा पडतो. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून सगळीकडे अकरा महिन्यांचा करार चालतो. तयार मजकुरात नाव आणि रक्कम भरली की झालं. तो मजकूर वाचणारे फार थोडे. भाचीच्या करारात रंगाचा उल्लेख नव्हता. चार हजारांचा प्रश्न तिथेच मिटला.

‘नंतर मालक सफाई करून घेतोच, आपण नुसतं निघायचं’

हा भाचीचा गैरसमज, आणि इथे मी तिची बाजू घेतली नाही. स्वयंपाकघरात गॅसच्या मागच्या टाइल्सवर पिवळट चिकट थर होता. एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर तेल आणि धूळ मिळून काळं मेण झालेलं. न्हाणीघरात बोअरच्या पाण्याचे क्षार बसून बादलीच्या जागी पांढरं वर्तुळ उमटलं होतं. जाळीत केस. हे काही घर जुनं होण्यातून आलेलं नव्हतं, दर आठवड्याला फडकं न मारल्यामुळे साचलेलं होतं. वाजवी झिजेत मळ येत नाही. राहणाऱ्यानं केलेली घाण राहणाऱ्यानंच काढायची.

आम्ही गरम पाण्यात खायचा सोडा आणि भांड्यांचा साबण घालून टाइल्स पुसल्या. फॅनचं बटण बंद करून पाती काढली, भिजत टाकली आणि जुन्या टूथब्रशनं घासली. क्षारांवर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवलं. अॅसिड मुद्दाम टाळलं. ते सिमेंटचे सांधे खातं आणि नळाची चकाकीही घालवतं, मग खरंच नुकसान होतं. तीन तास लागले. दोन हजारांची कपात नाहीशी झाली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुपारी मालकाच्या पत्नी येऊन बघून गेल्या, तेव्हा त्यांच्या बोलण्याचा सूरच बदलला होता.

पण ‘प्रोफेशनल डीप क्लीनिंगची पावती दाखवा’ असा आग्रह अलीकडे काही मालक धरू लागले आहेत. करारात तसं लिहिलेलं नसेल तर तो निव्वळ आग्रह आहे. कायदा घर मिळालेल्या स्थितीत मागतो. ते मिळतानाच धूळभरलं असेल, तर त्याहून चकचकीत करून देण्याचं बंधन भाडेकरूवर नाही.

‘खिळा ठोकला म्हणजे भिंत बिघडवली’

कॅलेंडरचे दोन-चार खिळे कोणत्याही वसत्या घरात असायचेच. ते काढून वॉलपुट्टीनं भोकं बुजवायची, सुकल्यावर सँडपेपर फिरवायचा, इतकंच. आपण बसवलेला गीझर, पडद्यांच्या दांड्या, कूलरचा स्टँड ताबा असेपर्यंत काढून नेता येतो. अट हीच की मागची जागा पूर्ववत करायची.

‘ओल आली, कारण खिडक्या बंद ठेवल्या’

भोपाळचा पाऊस सपाट गच्चीला सोडत नाही. आतल्या खोलीच्या छताला पोपडे धरले होते आणि मालक त्यासाठीही भाचीला बोल लावत होते. गच्चीतून झिरपणारं पाणी, भिंतीतला फुटका पाइप, ही घराच्या बांधणीची दुरुस्ती आहे आणि ती मालकाची. भाडेकरूचं काम ते वेळेवर कळवणं, आणि तेही लेखी. व्हॉट्सअॅपचा एक संदेश, तारखेसह, फोटोसह. करारानं मालकावर असलेली दुरुस्ती मालकानं नोटिशीनंतरही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, असं कलम १०८ सांगतं. उलट, मोडतोड भाडेकरूच्या हातून झाली असेल आणि मालकानं ती कळवली असेल, तर ती तीन महिन्यांत भरून द्यायला भाडेकरू बांधील आहे.

‘डिपॉझिट म्हणजे मालकाच्या मर्जीचे पैसे’

डिपॉझिट भाडेकरूचंच असतं, मालकाकडे ते फक्त ठेवलेलं असतं. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारभंगासाठी वाजवी भरपाईच मिळते. करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही नुकसान झालेलंच नसताना ठेव जप्त करणं मान्य केलं नाही. म्हणून कपातीसाठी कामाचं बिल मागा. ‘अंदाजे दोन हजार’ हे बिल नव्हे. आदर्श कायद्यात तर घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही आणि ताबा परत घेतानाच देणी वजा करून ते परत करायचं असतं.

भाडेकरूंनीही एक खोड सोडायला हवी. शेवटच्या महिन्याचं भाडं न देता ‘डिपॉझिटमधून वळतं करा’ म्हणायचं, हा आपला हक्क नाही. मालकानं लेखी मान्य केलं तरच ते चालतं. वाद पैशांवर अडलाच तर थेट खटल्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोकअदालतीत जाता येतं. तिथे कोर्ट फी लागत नाही. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. हे आपल्या मुलींना सांगून ठेवायला हवं.

जाता जाता कचऱ्याविषयी. फाटकी गादी, मोडकी खुर्ची, पुठ्ठ्यांचा ढीग खोलीत किंवा कोपऱ्यावर टाकून निघून जाणं हे घर रिकामं करणं नव्हे. २०२४-२५ च्या स्वच्छ सर्वेक्षणात दहा लाखांहून मोठ्या शहरांत भोपाळ दुसरं आलं. त्यामागे पहाटे उठून राबणारे सफाई कामगार आहेत. कबाडीवाल्याला आदल्या दिवशी बोलवा, तो घरी येऊन घेऊन जातो.

माझे आजोबा १९५६ मध्ये भोपाळ राजधानी झाल्यावर नागपूरहून सचिवालयाबरोबर इथे आले. सरकारी क्वार्टरचा ताबा घेताना नळ किती, पंखे किती, कोणत्या खिडकीची काच तडकलेली, हे सगळं कागदावर उतरवून त्यांनी सही केली होती आणि सोडताना तोच कागद पुढे केला होता. तो कागद आईच्या ट्रंकेत कितीतरी वर्षं होता. भाचीकडे असा कागद नव्हता. पण घर घेतलं त्या दिवशी तिनं आईला दाखवायला खोल्यांमधून फिरत मोबाइलवर व्हिडिओ केला होता. मालक आणि आम्ही त्याच खोलीत उभं राहून तो पाहिला. बाविसाव्या सेकंदाला छताचे पोपडे दिसले, तेव्हाही तेवढेच. मालकांनी व्हिडिओ थांबवायला लावला, वर छताकडे पाहिलं, आणि वीज मीटरच्या शेवटच्या रीडिंगचे पैसे वळते करून उरलेली सगळी रक्कम भाचीच्या खात्यात पाठवली. भोकं तिनं त्याआधीच बुजवली होती.